हरवलेल्या फायलींचा माग



बीडच्या पाटांगणात ज्ञानेश्वरीची एक जुनी पोथी होती. इतिहासाचार्य विश्वनाथ काशिनाथ राजवाडे यांच्या हाती ती लागली आणि १९०९ साली त्यांनी ती छापून लोकांपुढे ठेवली. नाथमहाराजांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इसवी सन १५८४ साली, ज्ञानेश्वरीचा पाठ शुद्ध केला हे आपणां सर्वांना ठाऊक आहे. त्याच्याही आधीचा पाठ या बीडच्या पोथीत आहे, असे राजवाड्यांचे म्हणणे होते. त्यावर विद्वानांत पुढे पुष्कळ वाद झाले. त्या वादात आज आपल्याला शिरायचे नाही. मला एवढेच दाखवायचे आहे की ही पोथी हरवलेली नव्हती. ती होती तिथेच होती. जगाला तिचा ठावठिकाणा तेवढा माहीत नव्हता.

हे सांगण्याचे कारण असे की आता आपली दप्तरे, पोथ्या आणि वंशावळ्या घरच्या कॉम्प्युटरात जाऊन बसल्या आहेत. गुरुजी शाळेचा निकाल घरी तयार करतात. कोणी गावच्या म्हाताऱ्या बायकांकडून जात्यावरच्या ओव्या उतरवून घेतो. कोणाच्या कॉम्प्युटरात वारलेल्या वडिलांचा आवाज असतो, आणि तो आवाज दुसऱ्या कुठल्याच जागी नसतो. मग एक दिवस फाईल दिसेनाशी होते. माणूस कपाळाला हात लावतो, भराभर दहा बटणे दाबतो, आणि जी फाईल तोवर शाबूत होती ती त्या घाईत खरोखरच जाते. म्हणून फाईल हरवते म्हणजे नेमके काय होते आणि ती शोधण्याची विद्या कशी निर्माण झाली, हे आज पाहू.

फाईल ज्या तबकडीवर राहते त्या तबकडीपासूनच आरंभ करावा लागेल. १९५६ सालच्या सप्टेंबरात अमेरिकेतील आयबीएम कंपनीने रॅमॅक नावाचे यंत्र जाहीर केले. त्यात दोन-दोन फूट व्यासाच्या ५० तबकड्या एकावर एक बसवलेल्या होत्या. वजन एक टनाहून अधिक, आणि त्या सगळ्या पसाऱ्यात मावत होती ती सुमारे ५० लाख अक्षरे. आज मोबाईलवर काढलेला एकच फोटो एवढी जागा सहज खातो! त्याच वर्षी १ नोव्हेंबरला आपला मराठवाडा हैदराबाद राज्यातून निघून मुंबई राज्यात आला. म्हणजे आपल्या जिल्ह्याची दप्तरे एका राज्यातून दुसऱ्या राज्यात जात होती, तेव्हा तिकडे नव्या तऱ्हेचा दप्तरखाना जन्माला येत होता.

दप्तरखाना म्हटला की यादी आलीच. जुन्या कचेऱ्यांत कागद कापडात बांधून त्याचे रुमाल करीत. कोणता कागद कितव्या रुमालात आहे, हे एका यादीत लिहिलेले असे. यादी नसेल तर हजार रुमाल समोर असूनही कागद सापडत नाही. कॉम्प्युटरच्या तबकडीवरही अशीच यादी असते. आपल्या परिचयाची जी यादीची पद्धत आहे ती १९७७ साली मार्क मॅकडोनाल्ड या मायक्रोसॉफ्टमधील प्रोग्रामरने रचली. तिला फॅट म्हणतात. ऑगस्ट १९८१ मध्ये आयबीएमचा घरगुती कॉम्प्युटर बाजारात आला, तो हीच यादी बरोबर घेऊन. आपण वापरतो त्या पुष्कळशा पेनड्राइव्हवर त्याच कुळातली यादी आजही चालते.

या यादीची एक गंमत आहे. तबकडीवरचा मजकूर पुसायला वेळ लागतो आणि त्या काळची यंत्रे संथ होती. म्हणून 'डिलीट' म्हटल्यावर यंत्र मजकुराला हातच लावीत नसे. ते यादीतल्या नावाचे फक्त पहिले अक्षर खोडून तिथे एक ठरलेली खूण करी, आणि फाईलचे तुकडे कोणकोणत्या घरांत ठेवले आहेत त्याची साखळी मोडून टाकी. त्याचा अर्थ एवढाच की ही घरे आता मोकळी समजावीत, नवा पाहुणा आला तर त्याला इथे उतरवावे. नवा पाहुणा येईपर्यंत जुना मजकूर जागच्या जागी असे. यादीतून नाव खोडले तरी रुमालातला कागद तसाच राहावा, तसला हा प्रकार.

हे यंत्र बनवणाऱ्यांना ठाऊक होते, सामान्य माणसाला नव्हते. १९८२ साली पीटर नॉर्टन नावाच्या अमेरिकन प्रोग्रामरने चुकून आपलीच एक फाईल पुसली. ती पुन्हा टाईप करीत बसण्यापेक्षा त्याने पुसलेली फाईल परत आणणारा प्रोग्रामच लिहिला. 'अनइरेज' हे त्याचे नाव. हा प्रोग्राम माणसाला विचारी की या फाईलच्या नावाचे पहिले अक्षर कोणते होते? कारण यंत्राने खोडले होते ते तेवढेच अक्षर. ते सांगितले की फाईल पुष्कळदा परत येई. पुष्कळदा म्हणतो, नेहमी नव्हे. साखळी मोडलेली असल्याने तुकडे दूर दूर विखुरले असतील तर जुळणी फसे. नॉर्टनसाहेबांना या एका चुकीने मोठा पैसा मिळवून दिला, आणि हाताची घडी घातलेला त्यांचा फोटो पुढे कित्येक वर्षे दुकानातल्या खोक्यांवर झळकत राहिला. १९९१ साली एमएस-डॉसच्या पाचव्या आवृत्तीत पुसलेले परत आणण्याची आज्ञा कंपनीनेच घालून दिली. ऑगस्ट १९९५ मध्ये विंडोज ९५ बरोबर आपल्या पडद्यावर कचऱ्याची टोपली आली, तीच ही रीसायकल बिन. अ‍ॅपल कंपनीच्या यंत्रांवर अशी टोपली त्याआधी, १९८३-८४ पासूनच होती.

टोपलीत टाकलेली वस्तू ही पुसलेली वस्तू नव्हे, घरातल्या घरात जागा बदललेली वस्तू आहे. टोपली उघडावी, फाईलवर उजवे बटण दाबावे, 'रीस्टोअर' म्हणावे, की ती पूर्वीच्या जागी जाते. मात्र पेनड्राइव्हवरून पुसलेली फाईल बहुधा या टोपलीत येत नाही, हे आपल्याकडच्या फार थोड्या लोकांना माहीत असते.

आता समजा टोपलीही रिकामी केली. तर मग तबकडीवर जिथे यादीच उरली नाही तिथे शोध कसा घ्यायचा? इथे जुन्या पोथ्या चाळणाऱ्यांची युक्ती कामी येते. वाळवी लागलेल्या गाठोड्यात सुटी पाने निघाली, वर ना वेष्टण ना नाव, तर जाणकार काय करतो? 'श्रीगणेशाय नमः' कुठे आहे ते पाहतो आणि तिथे ग्रंथ सुरू झाला असे धरतो. शेवटी समाप्तीचा मजकूर आणि शक लिहिलेला असतो, तिथे ग्रंथ संपला. अगदी तशीच प्रत्येक जातीच्या फाईलची सुरुवात ठरलेली असते. फोटोच्या फाईलचे पहिले काही आकडे नेहमी तेच असतात आणि शेवटचे दोनही तेच. पीडीएफची फाईल आपले नाव सांगूनच सुरू होते. वर्डच्या नव्या फायली 'पी' आणि 'के' या दोन अक्षरांनी सुरू होतात. फिल कॅट्झ नावाच्या माणसाने १९८९ साली फायली दाबून लहान करण्याची झिप नावाची पद्धत काढली, त्याच्या नावाची ही आद्याक्षरे. माणूस २००० साली गेला, त्याची सही मात्र आपल्या शाळेच्या निकालपत्रकावर आजही बसलेली आहे. ख्रिस्तोफ ग्रेनिए या फ्रेंच गृहस्थाचा फोटोरेक नावाचा प्रोग्राम याच खुणांवरून सबंध तबकडी पानागणिक चाळतो आणि सापडेल ते बाहेर काढतो. त्याला पैसे पडत नाहीत. त्याला फाईलचे नाव मात्र सापडत नाही, कारण नाव यादीत होते. हजार फोटो नावावाचून हाती येतात आणि आपण एकेक उघडून ओळखत बसायचे.

आता ज्यावर सारे अवलंबून आहे ती गोष्ट. मोकळ्या ठरलेल्या घरात नवा पाहुणा उतरला की जुना संपला. एका चर्मपत्राच्या ग्रंथाची हकिकत प्रसिद्ध आहे. आर्किमिडीजच्या गणिताच्या नकला असलेल्या पानांवरचा मजकूर तेराव्या शतकात खरवडून त्यांवर प्रार्थना लिहिल्या गेल्या. १९०६ साली हायबर्ग नावाच्या पंडिताने कॉन्स्टँटिनोपलमध्ये खालची पुसट अक्षरे ओळखली, आणि पुढे निरनिराळ्या प्रकाशात छायाचित्रे घेऊन आणखी पुष्कळ मजकूर वाचता आला. चामड्यावर शाईचा अंश राहिला म्हणून हे साधले. आजच्या तबकडीवर एकदा नवा मजकूर चढला की खालचा जुना वाचण्याची आशा धरू नये. म्हणून फाईल गेली असे लक्षात येताक्षणी त्या कॉम्प्युटरवर नवे काहीही उतरवू नये. सिनेमा नको, गाणी नकोत, आणि फाईल परत आणण्याचा प्रोग्रामसुद्धा त्याच तबकडीवर नको. पुष्कळ लोक नेमके हेच करतात. तो प्रोग्राम दुसऱ्या कॉम्प्युटरवरून पेनड्राइव्हवर आणावा, आणि सापडलेल्या फायलीही दुसऱ्याच ठिकाणी ठेवाव्यात.

इथपर्यंतचा इतिहास धीर देणारा आहे. पण गेल्या पंधरा-वीस वर्षांत वारे फिरले आहे. नव्या कॉम्प्युटरांत फिरणारी तबकडी नसते, एसएसडी असते. २००९ च्या विंडोज ७ पासून कॉम्प्युटर या एसएसडीला कळवतो की अमुक घरे मोकळी झाली, आणि ती आपण होऊन ती घरे झाडून ठेवते. म्हणजे टोपली रिकामी केल्यावर थोड्याच वेळात मजकूर खरोखरच नाहीसा होतो. नॉर्टनच्या काळातली सवलत तिथे नाही. मोबाईलची गतही जवळजवळ अशीच. तालुक्याच्या गावी 'कोणतीही फाईल परत आणून देऊ' अशी पाटी दिसली तर आधी आपल्या यंत्रात तबकडी आहे की एसएसडी, हे विचारून घ्यावे आणि मगच पैसे मोजावेत.

फॉरमॅट करण्याचेही दोन प्रकार आहेत, बरं का. 'क्विक फॉरमॅट' नुसती यादी कोरी करतो. पुरा फॉरमॅट विंडोज व्हिस्टापासून सगळ्या घरांत शून्ये भरून ठेवतो. पहिल्यानंतर तबकडीवर आशा असते, दुसऱ्यानंतर नसते.

पण मंडळी, माझा अनुभव असा की हरवल्या म्हणून आलेल्या फायलींपैकी बऱ्याच पुसलेल्याच नसतात. पाटांगणाच्या पोथीसारख्या त्या जागेवर असतात आणि आपण भलतीकडे शोधतो. एखाद्या सरांना ईमेलवर प्रश्नपत्रिका आली. त्यांनी तिथल्या तिथे उघडली, तासभर दुरुस्त्या केल्या, सेव्हही केली. ती गेली कुठल्या तरी तात्पुरत्या कप्प्यात, कारण मुळात ती कोणत्या फोल्डरात ठेवलीच नव्हती. अशा वेळी वर्ड उघडून अलीकडच्या फायलींची यादी पाहावी. नाव आठवत नसेल तर आतला एखादा वेगळा शब्द, गावाचे किंवा विद्यार्थ्याचे नाव, शोधाच्या चौकटीत टाकावे. ज्या दिवशी काम केले त्या तारखेने फायली लावून पाहाव्यात. 'डाउनलोड्स' हा कप्पा तर पहिल्यांदा बघावा. तिथे अर्धे गाव सापडते. कॉम्प्युटरवर वनड्राइव्ह चालू असेल तर डेस्कटॉपवरची फाईल तिकडे गेलेली असू शकते. गूगल ड्राइव्हवरून पुसलेली फाईल तिथल्या टोपलीत ३० दिवस थांबते, मग जाते.

लाइट गेली आणि लिहिलेले गेले, ही तक्रार आपल्याकडची नेहमीची. भारनियमनाच्या काळात ती घरोघर ऐकू येई. वर्ड आपण होऊन दर १० मिनिटांनी एक राखीव प्रत ठेवते. पुन्हा वर्ड उघडले की ती डाव्या बाजूला दिसते. न दिसल्यास फाईलच्या यादीत सेव्ह न केलेले कागद परत आणण्याची सोय आहे, ती पाहावी. शेवटच्या दहा मिनिटांचे श्रम जातील, सबंध दुपारचे जाणार नाहीत.

आणि पेनड्राइव्ह! झेरॉक्सच्या दुकानात प्रिंट काढायला पेनड्राइव्ह दिला, घरी आणून लावला, तर सगळ्या फायली गेलेल्या आणि त्यांच्या जागी डाव्या कोपऱ्यात लहानसा बाण असलेली चित्रे. हा एक व्हायरस आहे. तो फायली पुसत नाही, लपवतो, आणि त्यांच्या जागी आपली सोंगे उभी करतो. त्या सोंगावर दोनदा टिचकी मारली की तो आपल्या कॉम्प्युटरात शिरला. म्हणून तिथे टिचकी मारू नये. आधी व्हायरस तपासून घ्यावा, मग वरच्या 'व्ह्यू' या भागात जाऊन 'हिडन आयटम्स' वर खूण करावी. लपवलेल्या फायली फिकट रंगात दिसू लागतात. तरीही न दिसल्या तर फोल्डरच्या पर्यायांत सिस्टिमच्या संरक्षित फायली लपवण्याची जी खूण असते ती काढून पाहावी. घाबरून पेनड्राइव्ह फॉरमॅट करून टाकणारे लोक मी पाहिले आहेत. त्यात त्यांच्या मुलीच्या लग्नाचे फोटो होते.

आता उरला तो खास आपल्या मराठीचा प्रश्न. फाईल सापडली, उघडलीसुद्धा, पण आत सगळा इंग्रजी अक्षरांचा गोंधळ! ही फाईल बिघडलेली नाही. पुण्याला १९८८ साली सी-डॅक ही संस्था निघाली आणि कॉम्प्युटरवर भारतीय भाषा आणण्याचे मोठे काम तिने केले. १९९१ साली भारतीय लिप्यांसाठी इस्की नावाचे सरकारी मानकही ठरले. पण छापखान्यांत आणि टंकलेखनाच्या दुकानांत जे फाँट चालले, श्रीलिपी, आकृती, कृतिदेव वगैरे, त्यांनी बहुतेक करून इंग्रजी अक्षरांच्या जागी मराठी आकार बसवले होते. कृतिदेवमध्ये 'राम' लिहिला तर कॉम्प्युटरच्या पोटात जे, के आणि ई ही तीन इंग्रजी अक्षरे असतात. फाँट आहे तोवर 'राम' दिसतो. फाँट गेला की जे, के, ई. मोडी वाचणारा माणूस गावात उरला नाही की चांगला कागदही मुका होतो, तसेच हे झाले.

याला उपाय आहे. आधी मूळ फाईलची एक प्रत बाजूला काढून ठेवावी. मग जुना फाँट मिळवून फाईल उघडावी आणि कोणत्या फाँटची आहे ते निश्चित करावे. भलताच फाँट लावला तर भलतेच वाचले जाते. त्यानंतर परिवर्तक प्रोग्रामने मजकूर युनिकोडमध्ये आणावा. युनिकोड हे सगळ्या जगाचे मिळून ठरलेले मानक आहे. त्यात प्रत्येक मराठी अक्षराला स्वतःचा आकडा असतो, आणि तो कोणत्याही फाँटमध्ये तोच राहतो. परिवर्तन झाल्यावर जोडाक्षरे, रफार, पहिली वेलांटी आणि आकडे डोळ्यांखालून घालावेत, कारण चुका होतात त्या तिथेच. ज्या शिक्षकांनी २००० सालाच्या आसपास गावाचा इतिहास किंवा शाळेचे स्मरणिकेचे लेख टाईप करवून घेतले होते, त्यांनी त्या फायली या उन्हाळ्याच्या सुटीतच काढून बघाव्यात. जुना फाँट ओळखणारा टंकलेखक अजून तालुक्याला सापडतो.

नाथांनी ज्ञानेश्वरी शुद्ध केली ती अनेक प्रती समोर ठेवून. एकच प्रत असती तर कोणता शब्द मूळचा आणि कोणता लेखकाच्या हातून चुकलेला, हे कोणाशी ताडून पाहिले असते? घरच्या फाईलची गोष्ट याहून निराळी नाही. एक प्रत कॉम्प्युटरात, एक बाहेरच्या डिस्कवर कपाटात आणि एक घराबाहेर, मग ती ऑनलाईन असो की परगावच्या भावाकडे. कपाटातली डिस्क काम झाले की कॉम्प्युटरपासून काढून ठेवावी; लावून ठेवलेल्या डिस्कवर वीज आणि व्हायरस एकदमच घाला घालतात.

आपल्याच जिल्ह्यातले एक उदाहरण सांगतो. हेमा राईरकर आणि गी पॉइटवाँ यांनी पुण्याहून जात्यावरच्या ओव्या जमवण्याचे काम चालवले, आणि त्यात महाराष्ट्राच्या खेड्यापाड्यांतून एक लाखाहून अधिक ओव्या गोळा झाल्या. १९९६ साली या कामातली मंडळी माजलगावच्या भीमनगरात आली होती. तिथल्या बायांनी बाबासाहेब आंबेडकरांवर रचलेल्या ओव्या गायल्या आणि त्या ध्वनिमुद्रित झाल्या. मधल्या काळात खेड्यांतली जाती बंद पडली, घरोघर गिरणीचे पीठ आले. पण मुद्रणे जपलेली होती, ओव्या कोणत्या गावच्या आणि कोणी गायलेल्या याची यादी जपलेली होती. २०१७ पासून पत्रकार पी. साईनाथ यांच्या 'पारी' या संकेतस्थळावर हा संग्रह टप्प्याटप्प्याने प्रसिद्ध होऊ लागला. माजलगावच्या त्या ओव्या आज कोणत्याही शाळेच्या कॉम्प्युटरवर, गाणारणीच्या आवाजात, वर्गाला ऐकवता येतात.